तीन कामांचं एक यंत्र आणि माझ्या हेदरच्या कुंड्या

आधी यंत्र कुठलं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडे असेल तर ओळखता येईल. वर हिरवा चौकोनी डबा, त्यात तबकडी आणि सुई, खाली दोन लांब सळया, मधे एक खटका. खटका सरकवला की कधी मातीतला ओलावा, कधी उजेड, कधी मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते सांगणारा आकडा). बॅटरी लागत नाही. ओलाव्याच्या पट्टीवर १ ते १० आकडे: ३ पर्यंत लाल म्हणजे कोरडं, ७ पर्यंत हिरवा म्हणजे ठीक, पुढे निळा म्हणजे चिंब. हेच यंत्र वेगवेगळ्या नावांनी आणि रंगांनी विकलं जातं, त्यामुळे कंपनीचं नाव देण्यात अर्थ नाही.

आमच्या ह्यांनी ते मागवलं माझ्या हेदरसाठी, म्हणजे इवल्या पानांच्या, गुलाबी-जांभळ्या फुलांच्या सदाहरित झुडपासाठी. "अगं, आता सारखं मातीत बोट घालून बघायला नको, सुईच सांगेल," असं म्हणाले आणि घरातल्या झाडून सगळ्या कुंड्यांत खुपसून आले. कोरफडीचा आकडा जेवणाच्या टेबलावर जाहीर झाला. हेदरची कुंडी पाचावर होती, हिरव्या पट्ट्यात, म्हणजे पाणी नको. मी कुंडी उचलून पाहिली तर पिसासारखी हलकी.

मी नोकरीभर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. कुठलंही उपकरण हातात आलं की ते नक्की काय मोजतं हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तबकडीवर जे लिहिलंय तेच ते मोजत असेल, असं तर मी कधीच धरून चालत नाही. या यंत्राचं पोट साधं आहे. दोन वेगवेगळे धातू ओल्या मातीत शिरले की त्यांच्यात अगदी क्षीण वीज तयार होते, शाळेत शिकलेला विद्युत घटच तो. त्या विजेवर सुई हलते. पण वीज नुसत्या पाण्यातून फारशी वाहत नाही, ती वाहते पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. म्हणजे सुई दाखवते ते पाणी आणि क्षार दोघांचं मिळून, आणि त्यातलं किती कोणाचं हे तिला सांगता येत नाही.

खात्री करायला तीन ग्लास घेतले. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात नळाचं, तिसऱ्यात नळाच्याच पाण्यात चिमूटभर मीठ. पहिल्यात सुई जेमतेम हलली आणि लाल पट्ट्यातच राहिली. दुसऱ्यात निळ्यात गेली. तिसऱ्यात तर टोकाला जाऊन आपटली. तिन्ही ग्लासांत पाणी काठोकाठ! हे म्हणाले, "पण आपण मातीत मोजणार ना, ग्लासात कशाला?" मुद्दा बरोबर आहे. साध्या बागेच्या मातीत, नेहमी एकच पाणी घातलं जात असेल तर क्षारांचं प्रमाण साधारण स्थिर राहतं आणि सुई कामापुरतं खरं बोलते. अडचण हेदरची आहे.

हेदरला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण साडेचार ते साडेपाच. नळाचं पाणी जड असेल, म्हणजे ज्या पाण्याने किटलीत पांढरा थर बसतो तसलं, तर प्रत्येक झारीबरोबर कुंडीत थोडा चुना जातो. मातीचा सामू हळूहळू वर सरकतो, मग मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही आणि कोवळे शेंडे पिवळे पडायला लागतात. म्हणून हेदरला पाणी द्यायचं ते पावसाचं. ते नसेल तर आरओचं. तेही नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं, वरवरचं ओतून घेतलेलं, कारण उकळताना बराचसा चुना तळाशी बसतो. पाणी मऊ करणारं यंत्र घरात असेल तर त्याचं पाणी मात्र नको, त्यात चुन्याच्या जागी सोडियम आलेलं असतं. आता गंमत बघा. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. म्हणजे जे पाणी हेदरला सगळ्यात मानवतं, तेच या यंत्राला सगळ्यात कमी दिसतं. आणि जी कुंडी जड पाण्याने आणि खताने खारावत चाललीय, तिथे सुई ऐटीत हिरव्यावर उभी. माझ्या त्या हलक्या कुंडीची गोष्ट हीच होती, तिला आदल्याच आठवड्यात खत दिलेलं होतं.

दुसरी गोष्ट मुळांची. हेदरची मुळं केसाहून बारीक असतात. त्यांच्यावर इतर झाडांसारखी मूलरोमं नसतात, ते काम मुळांत वस्तीला असलेली एक बुरशी करते. ही सगळी जाळी कुंडीच्या वरच्या भागात दाट पसरलेली. यंत्राच्या सळया खोल जातात आणि खालची ओल पकडतात. खाली ओल असते, वरचा थर उन्हाने वाळलेला असतो, आणि यंत्र सांगतं सगळं आबादीआबाद. त्यात पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा भुगा) आणि सालीच्या भुग्याचं मिश्रण भुसभुशीत, सळईला मधेच पोकळी लागली की सुई एकदम खाली. एकाच कुंडीत दोन बोटं अंतरावर मला ३ आणि ७ असे दोन्ही आकडे मिळाले. आणि सळई बाहेर काढली की तिच्या खाचेत तपकिरी केसांचा गुंता अडकलेला असतो. बोटावर घेऊन उजेडात धरलंत तर कळतं, ती मुळं आहेत. रोज खुपसायचं यंत्र आणि अशी मुळं, यांचं जमायचं कसं?

बरोबरच्या पत्रकाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. त्यात बारीक अक्षरांत झाडांची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येकापुढे ओलाव्याचा एक आकडा. हेदरपुढेही एक. बारा महिने तोच. आणि हेदर म्हणजे तरी कोण? कॅलुना वल्गॅरिस की एरिका? हेदर दोघींनाही म्हणतात. सॅलिस्बरी नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०२ साली कॅलुनाला एरिकांतून वेगळं काढलं, पत्रक लिहिणाऱ्यापर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही. एरिकांतही एरिका टेट्रॅलिक्स दलदलीच्या कडेने वाढते, एरिका सिनेरिया कोरड्या उतारावर. एरिका कार्निया आल्प्सची, ऐन थंडीत फुलते आणि थोडा चुना खपवूनही घेते. शरद ऋतूत दुकानांत गुलाबी फुलांनी लगडलेली जी नाजूक कुंडी दिसते ती बहुधा एरिका ग्रॅसिलिस, दक्षिण आफ्रिकेची, तिला गोठवणारी थंडी सोसत नाही. या सगळ्यांना एकच आकडा!

ऋतूंचं म्हणाल तर वसंतात फार काही करावं लागत नाही. कॅलुनाची छाटणी झालेली असते (जुन्या उघड्या लाकडापर्यंत कापू नका, तिथून ती पुन्हा फुटत नाही), कोवळी फूट निघत असते. वरची माती बोटाला कोरडी लागायला लागली की पाणी. वारं सुटलेलं असेल तर ऊन नसतानाही कुंडी सुकते, एवढंच लक्षात ठेवायचं.

उन्हाळा मात्र हेदरच्या कुंडीची खरी परीक्षा. जमिनीत मुरलेलं, दोनतीन वर्षांचं हेदर लांबलेल्या अवर्षणातच पाणी मागतं. पहिल्या वर्षाचं रोप आणि कुंडीतलं कुठल्याही वयाचं हेदर यांना ती सवलत नाही. कडक उन्हात लहान कुंडीला रोज पाणी लागतं, सकाळी, पानांवरून नाही तर झुडपाखाली झारीचं तोंड घालून, हळूहळू, मधे थांबून दोनदा. याच दिवसांत कॅलुना कळ्या धरत असते. आता ताण बसला तर उन्हाळ्याच्या अखेरीला फुलं विरळ येतात. मग वाटतं की भरपूरच घालावं, बशी भरून ठेवावी. तेही नको. उष्ण आणि सतत चिंब माती म्हणजे फायटोफ्थोराला आमंत्रण. हा मुळं कुजवणारा, बुरशीसारखा जीव. मुळं काळी पडतात, शेंडे माना टाकतात, आणि वरून ते अगदी तहानल्यासारखं दिसतं. माणूस आणखी पाणी घालतो.

या एका ठिकाणी यंत्राच्या बाजूने बोलायला हवं. माझ्याकडे एक मोठं, जड कुंड आहे, त्यात तीन एरिका एकत्र लावल्यात. ते उचलता येत नाही, बोट तळापर्यंत जात नाही. तिथे रोपांपासून दूर, काठाशी एक जागा ठरवून सळया खोल घातल्या तर तळाशी पाणी साचलंय का हे कळतं. आकडा खरा असेलच असं नाही, पण एकाच जागी, एकाच खोलीवर, आधीपेक्षा वर की खाली एवढं समजतं. वर माना टाकलेले शेंडे आणि तळाशी सुई निळ्यात, असं दिसलं तर झारी खाली ठेवायची आणि कुंडाची भोकं बुजली आहेत का ते बघायचं. मी असंच बघितलं तेव्हा एक भोक खरंच गच्च बुजलेलं निघालं. त्याबद्दल यंत्राला एक तारा देऊन टाकते.

शरद ऋतूत हेदरं विकत घेतली जातात आणि सगळ्यात जास्त मरतातही तेव्हाच. शेजारच्या वहिनी त्यांचं हेदर घेऊन आल्या होत्या. त्यांनीही हेच यंत्र घेतलंय, ह्यांच्याच सांगण्यावरून. "मी रोज पाणी घालत होते हो, आणि सुईसुद्धा ओलं दाखवत होती." झाड वरून बघितलं तर छान जांभळं होतं. हेदरचं हेच फसवं आहे, मेलं तरी पानं-फुलं गाळत नाही, रंग धरून तसंच उभं राहतं. त्यात आता ज्यांच्या कळ्या कधी उमलतच नाहीत असे कॅलुनाचे प्रकार मिळतात, त्यांचा रंग महिनोन्‌महिने तसाच, त्यामुळे तर काहीच कळत नाही. मी फांदीवरून हात फिरवला तर कागदासारखी कुरकुर वाजली. नखाने साल खरवडली तर खाली हिरवं नव्हतं. मग कुंडीतून मुळांचा गोळा काढला आणि दोन्ही हातांनी मोडला. बाहेरून बोटभर जाडीचा थर ओला, काळा. आत मात्र कोरडा ठाक, तपकिरी भुगा, फुंकर मारली तर उडावा असा.

कारण ठाऊक असलं तर यात नवल नाही. या कुंड्या पीटमध्ये वाढवलेल्या असतात. पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरायचं सोडून पाण्याला झिडकारतं, गोळा आक्रसतो, कुंडीच्या कडेने फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली उतरतं. बशीत पाणी आलेलं बघून आपण खूश. वहिनी सळया कडेनेच घालत होत्या, कारण मधे झुडूप इतकं दाट की जागाच नाही. सुईला ओलं लागलं ते त्या फटीतलं. पावसातही तसंच होतं. दाट झुडपावरून पाणी कुंडीबाहेर ओघळतं, चांगली सर येऊन गेली तरी माती कोरडी राहू शकते.

म्हणून हेदरची कुंडी घरी आणली की आधी तिला बुडवायची. बादलीत पावसाचं पाणी, त्यात कुंडी काठापर्यंत. सुरुवातीला तरंगते, तेव्हा हाताने दाबून धरायची. बुडबुडे यायला लागतात, ते पूर्ण थांबेपर्यंत ठेवायची. फार वाळली असेल तर अर्धा तासही लागतो. मग बाहेर काढून निथळू द्यायची. बादलीत विसरायची नाही. लावताना गोळ्याच्या कडेची मुळं बोटांनी थोडी मोकळी करायची, नाहीतर बाहेरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा, हेच जमिनीतही चालू राहतं. वहिनींच्या दुसऱ्या कुंडीला मी असंच बुडवलं. ती जगली.

हिवाळ्यात पाणी बंदच करायचं असा एक समज आहे. हेदर सदाहरित आहे, पानं इवलीशी आणि कडा आत वळलेल्या असल्या तरी ती थोडं थोडं पाणी बाहेर टाकतच असतात. ऊन पडलंय, वारं बोचरं आहे आणि माती गोठलीय, अशा दिवशी पानांतून पाणी जातं आणि मुळांना बर्फातून काही मिळत नाही. वसंतात जे शेंडे तपकिरी दिसतात ते बरेचदा थंडीने नाही तर तहानेने गेलेले असतात. माती गोठलेली नसेल असा दिवस बघून, दुपारच्या आत, थोडं पाणी द्यावं म्हणजे रात्रीपर्यंत मुरतं. बशी काढून ठेवावी. लहान कुंड्या भिंतीच्या आडोशाला, एकमेकींना चिकटून ठेवाव्यात. कार्निया याच दिवसांत फुललेली असते, तिला मी अजिबात विसरत नाही. गोठलेल्या मातीत यंत्र कोरडं दाखवतं, कारण बर्फातून तेवढी वीज वाहत नाही. झाडाच्या बाजूने बघितलं तर तो आकडा खराच म्हणायचा! पण जोर लावून सळया घालू नका. आमची एक तिथेच वाकली.

सामूचा खटका मी दोन वाक्यांत निकालात काढते. यंत्राने सामू नीट मोजायला सहसा काचेचा इलेक्ट्रोड लागतो, तो ठराविक सामूच्या द्रावणांत तपासून घ्यावा लागतो, आणि दोन धातूंच्या सळयांना ते काम येत नाही. माझ्या पीटच्या मिश्रणात या यंत्राने ७ दाखवलं, त्याच मातीचं पाणी गाळून त्यात सामूची पट्टी बुडवली तर ५ च्या आसपास. हेदरवाल्याने तर या आकड्याकडे बघूच नये, माती आम्ल करायला उगाच गंधक घालत सुटाल. उजेडाचा खटका बरा चालतो, पण हेदरला उघडं ऊन लागतं हे कळायला यंत्र कशाला.

मग मी स्वतः काय करते? स्वयंपाकघरातला वजनकाटा. कुंडी बुडवून, पूर्ण निथळू देऊन वजन करते आणि कुंडीच्या बाजूला मार्करने लिहून ठेवते. माझी एक लिटरची कॅलुनाची कुंडी भरली की साधारण ८५० ग्रॅम भरते. ६००च्या जवळ आली की पाणी. उन्हाळ्यात ती दिवस-दोन दिवसांत तिथे पोचते, थंडीत तेवढं उतरायला आठवडे लागतात, म्हणजे ऋतूचा हिशोब आपोआप होतो. क्षार कितीही असोत, वजनाला त्याचा फरक पडत नाही, आणि गोळा आतून वाळला असेल तर पाणी घातल्यावरही वजन वाढत नाही. तिथेच चोरी पकडली जाते. काही दिवसांनी वजनकाटाही लागत नाही, हातालाच कळतं. गोठलेली कुंडी मात्र इथेही फसवते, जड लागते आणि झाडाला काही मिळत नसतं.

पाच ताऱ्यांपैकी दोन. एक त्या बुजलेल्या भोकाचा, दुसरा साध्या मातीतल्या साध्या झाडांसाठी, जिथे ते ठीकठाक चालतं. मोठी, न उचलता येणारी कुंडं असतील तर घ्यायला हरकत नाही. फक्त हेदरच्या छोट्या कुंड्यांसाठी घेत असाल तर नका घेऊ. घेतलंच असेल तर सळया मातीत रोवून ठेवू नका, झिजतात आणि मग आकडे आणखी बिघडतात. मोजून झालं की लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ह्यांना अजून हे मान्य नाही, त्यांचा एक संच कोरफडीत कायमचा उभा आहे आणि रोजचा आकडा जाहीर होतोच.